माकड पडायच्या आधी

काजूचा हंगाम तोंडावर आला की दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या गावबैठकांत दोन भाषणं ठरलेली असतात. पहिलं बागायतदाराचं. वानरांनी नारळ ठेवला नाही, केळ ठेवली नाही, आता माकडतापही आणला. सरकारने एकदाची बंदुकीला परवानगी द्यावी. दुसरं बहुधा शहरातून आलेल्या पाहुण्याचं. तुम्ही जंगल तोडलंत, निसर्गाने सूड उगवला. टाळ्या दोघांनाही पडतात. मग आरोग्य खात्याचा माणूस अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या वाटतो, चहा होतो आणि मंडळी पांगतात. अशाच एका बैठकीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. दीड तासात ‘माकड’ हा शब्द किती वेळा आला ते मोजायला घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं. ‘उंदीर’ मात्र एकदाच आला, तोही बिस्किटांचा पुडा कुरतडलेला निघाला म्हणून. चिचुंद्री, खार, साळिंदर यांचं तर कुणी नावही काढलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं आहे त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. माकडताप म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणूचा ताप. त्याच्या नावाने आपली मान वर झाडाकडे लागली आहे, आणि आजाराची निम्मी गोष्ट खाली पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात घडते आहे. माकड या साखळीत आहेच. पण विषाणू एका हंगामातून दुसऱ्या हंगामात तग धरतो तो गोचिडी आणि जमिनीलगत वावरणारे लहान सस्तन प्राणी यांच्या आपसातल्या देवघेवीवर, अशी शक्यता सगळ्यात दाट आहे. या प्राण्यांना मारून काहीही साधणार नाही. त्यांच्यावर नजर ठेवायला हवी, आणि तीही पाऊस सरल्यावर, पहिलं माकड मरून पडायच्या आधी. आपण सगळं करतो, एवढं सोडून.

असं का म्हणतो ते कळायला गोचिडीचा जन्म बघावा लागतो. या तापाची मुख्य वाहक गोचीड म्हणजे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. ती आयुष्यात तीनदाच जेवते. अंड्यातून निघते ती सहा पायांची अळी, मोहरीहून बारीक. ती एका प्राण्याचं रक्त पिते, खाली पडते, कात टाकते. मग आठ पायांची, तिळाएवढी अर्धी वाढलेली गोचीड होते. शास्त्रात तिला निम्फ म्हणतात. ती दुसऱ्या कुणाचं तरी रक्त पिते, पडते, कात टाकते. शेवटी पूर्ण वाढलेली गोचीड गुराढोरांसारख्या मोठ्या जनावरावर चढते, तिथून उतरून अंडी घालते आणि मरते. आता या जातीत आईकडून अंड्यांत विषाणू उतरणं फारसं घडत नाही. म्हणजे अळी जन्मते ती बहुतांशी स्वच्छ. माणसाला चावते ती मुख्यतः निम्फ. मग त्या निम्फच्या पोटात विषाणू आला कुठून? ती अळी असताना, तिच्या पहिल्या जेवणातून. अळ्यांचा जोर असतो पावसाळ्याच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, निम्फचा साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, आणि माकडं पडायला लागतात ती निम्फच्या दिवसांत. हा क्रम नीट लावून पाहिला तर एक प्रश्न टाळताच येत नाही. हंगामातलं पहिलं माकड ज्या निम्फमुळे आजारी पडलं, तिला विषाणू कुणी दिला?

अळीला उंच चढणं जमत नाही. ती पातेऱ्यात किंवा गवताच्या पात्यावर दबा धरून बसते आणि जे अंगाला घासून जाईल त्याला चिकटते. तिथून जातं कोण? रानउंदीर, चिचुंद्री, खार, ससा, साळिंदर, झालंच तर दाणे टिपणारी रानकोंबडी. मागे आमच्या मांजरीने एक खार मारून पडवीत आणून टाकली होती. तिला उचलताना सहज म्हणून कानाची कड उजेडात धरली. कातडीवर रवा सांडावा तसे ठिपके दिसले, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं तर त्यातले दोन चालत होते. एका एवढ्याशा कानावर इतक्या अळ्या असतील, तर काजूच्या एका वाडीत वावरणाऱ्या सगळ्या खारी-उंदरांचे कान धरून हिशेब केला तर केवढा होईल? शिमोग्याच्या जंगलात पूर्वी झालेल्या कामात पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर, जंगलातली पट्ट्यांची खार आणि आपल्या न्हाणीघरापाशी चुकचुकणारी साधी चिचुंद्री यांच्यातून हा विषाणू वेगळा काढला गेला आहे. त्यात उंदीर-चिचुंद्र्यांची वीण भराभर. दर मोसमात नवी पिल्लं येतात, आणि त्यांच्या रक्तात या विषाणूची ओळख नसते.

हे काम कुणी केलं तेही आठवायला हवं, कारण त्यात पुण्याचा हात आहे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासची माणसं तापाने फणफणली. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेत तो जंगलातल्या माकडांना मारतो आणि आशियात तो कधी आलाच नव्हता, म्हणून सगळ्यांची पाचावर धारण बसली. निघाला तो निराळाच विषाणू, रशियात वसंत-उन्हाळ्यात मेंदूज्वर आणणाऱ्या गोचीडजन्य विषाणूंच्या भाऊबंदांतला. मग संशय गेला सायबेरियाकडून येणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांवर. सालिम अलींच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या प्रकल्पाला त्याच शंकेतून बळ मिळालं. सत्तरच्या दशकात तर या सगळ्यामागे अमेरिकेचा जैविक युद्धाचा डाव असल्याची चर्चा संसदेपर्यंत पोचली. आधी माकड, मग पाखरू, मग परदेशी. आरोपी शोधायची आपली हौस जुनी आहे. हा गाजावाजा चालू असताना काही माणसं सागर-सोरबच्या रानात पिंजरे लावून उंदीर पकडत होती, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढून कुप्यांत भरत होती. आज लहान प्राण्यांच्या बाजूने जो पुरावा पुढे केला जातो तो बराचसा त्याच वीस-एक वर्षांतला आहे. पुढच्या पिढ्यांनी त्या कागदांचे दाखले दिले. पिंजरे मात्र फार थोड्यांनी लावले.

आता माकडाची बाजू. त्याला निर्दोष सोडवायचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर, दोघांच्याही रक्तात हा विषाणू प्रचंड वाढतो. अशा माकडाच्या अंगावर जेवलेल्या गोचिडी विषाणू घेऊन खाली उतरतात, आणि माकड मेलं की त्या झाडाखालची जागा धोक्याची होते. म्हणूनच मेलेल्या माकडाला जाळणं, भोवती पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशकाची भुकटी मारणं, तिकडची वाट काही दिवस बंद करणं हे अगदी योग्य आहे. त्यावर हसणाऱ्यांनी हसू नये. माकडांनी बागायतीचं केलेलं नुकसानही खरं आहे. ज्याचं वर्षाचं उत्पन्न नारळाच्या दहा झाडांवर आहे, त्याला जैवविविधता ऐकवणं मला स्वतःला जमत नाही. पण नुकसानीची फाइल वेगळी आणि तापाची फाइल वेगळी. दोन्ही एका सुतळीने बांधल्या की दोन्ही अडकतात.

माकडाच्या अंगात विषाणू राहतो तरी किती दिवस? थोडेच. तेवढ्यात माकड मरतं नाहीतर बरं होतं, आणि बरं झालेलं पुन्हा सहजी आजारी पडत नाही. एका टोळीत माकडं वीस-पंचवीस, चाळीस म्हटली तरी खूप. एका मोठ्या साथीत टोळी निम्मी मरते आणि उरलेली पक्की होते, मग विषाणूने पुढे जायचं कुठे? असल्या भाड्याच्या खोलीत तो दोन-चार रात्री काढेल, साठ-सत्तर वर्षं संसार नाही करणार. बरं, माकडं मारली असं समजू. त्यांच्या वाट्याच्या गोचिडी उपाशी थोड्याच मरणार आहेत? त्या पुढच्या अंगाची वाट बघतील, आणि काजू वेचायला वाकलेल्या बाईचा पाय त्यांना वानराच्या पायाइतकाच चालतो. शिवाय आज आपल्याला साथीची जी एकुलती एक हाक ऐकू येते, ती मेलेल्या माकडाचीच. २०१७-१८ मध्ये ब्राझीलमध्ये पीतज्वर पसरला तेव्हा घाबरलेल्या लोकांनी माकडांना दगडांनी ठेचलं, विष घातलं. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना हात जोडून सांगावं लागलं की बाबांनो, हेच आपले पहारेकरी आहेत, यांना मारलंत तर साथ कुठून येतेय ते आम्हाला कळायचं कसं?

हा धडा गिरवायला ब्राझीलला जायचीही गरज नाही. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होते. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या बांधायच्या. ही अक्कल गावाला होती तेव्हा सरकारला ती नव्हती. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महापालिकेने काय केलं? गटारांत कार्बोलिक ओतलं, घरं धुतली, छपरं उघडली. पुण्यात रँडची माणसं देवघरापर्यंत शिरली आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला ते शाळेच्या पुस्तकात आहे. सगळी मोहीम माणूस, त्याचं घर आणि त्याची घाण यांच्याभोवती. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत काचेच्या बरणीत उंदीर ठेवून दाखवलं की प्लेग उंदराकडून उंदराकडे पिसवेमार्फत जातो. त्या वेळच्या प्लेग आयोगाने ते मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला नव्याने प्रयोग झाले, तेव्हा कुठे पिसू मान्य झाली. मधल्या वर्षांत किती माणसं गेली याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्यातली खरी मेख पुढे आहे. पिसू मान्य झाल्यावर हेही कळलं की उंदीर मेला आणि गार पडला की पिसू त्याला सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. म्हणून प्लेगच्या कामात नियमच झाला: आधी पिसवा मारा, मग उंदीर. उलट केलंत तर साथ तुम्हीच घरात आणाल.

हे मुद्दाम लांबण लावून सांगतोय, कारण माझ्या लेखाचा उलटा अर्थ काढला जायची भीती मला जास्त आहे. ‘माकड नाही, उंदीर आहे म्हणे’ एवढंच वाक्य गावात पोचलं, तर उद्या काजूच्या वाडीत उंदरांचं औषध पसरलेलं असेल. तसं करू नका. औषधाने मेलेल्या उंदरा-खारीच्या अंगावरच्या गोचिडी मोकळ्या होतील, त्याच रानात फिरणारी कुत्री, मुंगूस, घुबडं ते विष खातील, आणि विणीचा वेग असा की रिकामी झालेली बिळं पुढच्या मोसमात भरलेली असतील, तीही रक्तात काहीच ओळख नसलेल्या नव्या पिल्लांनी. विषाणूला याहून चांगली मेजवानी कोण देईल?

लहान प्राण्यांची भूमिका युरोपात पुष्कळ बारकाईने तपासली गेली आहे. तिथल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचा विषाणू आपल्या माकडतापाच्या विषाणूचा नातेवाईक. तो जगतो रानातल्या पिवळ्या मानेच्या उंदरावर आणि व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरावर. स्लोव्हाकियात नव्वदच्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दाखवली गेली. एकाच उंदराच्या कानावर विषाणू असलेली निम्फ आणि स्वच्छ अळी शेजारी शेजारी बसून रक्त पीत असतील, तर उंदराच्या रक्तात विषाणू फारसा नसतानाही तो एकीकडून दुसरीकडे जातो. उंदीर आजारी दिसत नाही. तो म्हणजे दोघींची पंगत बसवणारा मांडव. आपल्याकडे असंच घडतं असा दावा मी करत नाही. पण ‘एवढे उंदीर तपासले, रक्तात फारसं काही सापडलं नाही, म्हणजे त्यांचा संबंध नाही’ हा युक्तिवाद किती लंगडा आहे ते यावरून कळतं.

दुसऱ्या भाषणाकडे वळू, जंगलतोडीच्या. यात पहिल्यापेक्षा जास्त तथ्य आहे, म्हणूनच ते अर्धवट सांगितलं की जास्त नुकसान होतं. कोलंबियात पीतज्वरावर काम केलेले होर्हे बॉशेल पुण्याच्या केंद्राबरोबर शिमोग्यात होते. त्यांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं की जंगल तुकड्या-तुकड्यांनी साफ होतं, गुरं आत शिरतात, घाणेरीची जाळी माजते, आणि गोचिडींना गुरंही मिळतात आणि लहान प्राणीही. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडताना मोठी साथ आली. आजारी पडले ते मुख्यतः तोडणीचे मजूर. अलीकडच्या अभ्यासांतही धोका जास्त दिसतो तो जंगल आणि लागवड एकमेकांत मिसळलेल्या भागात. इतकं सगळं मान्य. पण ‘जंगल राखा, ताप जाईल’ हे त्यातून निघत नाही. विषाणू जंगलातलाच आहे, जंगल घनदाट होतं तेव्हाही होता. प्रश्न सरहद्दीचा आहे आणि त्या सरहद्दीवर कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी जातं याचा.

कोकणात ती सरहद्द म्हणजे बहुतेकदा काजूची वाडी. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने डोंगरउतारांवर काजू-आंबा उभा केला, आणि त्यावर किती घरं सावरली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती योजना चुकली असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. पण काजूची बी कशी मिळते? बोंडू पिकून खाली पडतो. पातेऱ्यात वाकून, बसून, हाताने पानं सारून तो उचलायचा आणि बी पिरगळून काढायची. फेब्रुवारी ते मे. गोचिडीच्या निम्फनाही नेमके हेच महिने. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात, २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केरमध्ये आणि २०१७ मध्ये बांद्याच्या परिसरात ताप आला, तेव्हा आजारी पडले ते बहुतांशी याच वाड्यांतले. हेच लोक पातेरा गोळा करून गोठ्यात अंथरतात, भाजवळीला वापरतात. शिमोग्यात कन्नंगी परिसरात २०११-१२ च्या साथीचा तपास झाला, तेव्हा घराच्या आवारात वाळक्या पानांचे ढीग असणं आणि गुरं हाताळणं या गोष्टी आजाराशी जोडलेल्या आढळल्या. यात जंगल तोडणारा खलनायक कुठे आहे? इथे एक बाई आहे, तिच्या पाठीवर पातेऱ्याचा भारा आहे आणि त्या भाऱ्यात तिळाएवढं काहीतरी आहे.

पूर्व युरोपात असाच एक वाद झाला होता. १९९३ च्या सुमारास एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियात गोचीडजन्य मेंदूज्वराचे रुग्ण एकदम वाढले. हवामान बदललं, उंदीर वाढले, अशी उत्तरं आली. पण तिन्ही देशांत हवा सारखीच आणि वाढ मात्र वेगवेगळी. खोलात गेल्यावर दिसलं की सोविएत व्यवस्था कोसळून नोकऱ्या गेल्या होत्या, आणि माणसं पोटासाठी अळंबी आणि बोरं गोळा करायला रानात जाऊ लागली होती. त्याआधीचं उदाहरण क्रायमियाचं. युद्धात शेतं ओसाड पडली, शिकार थांबली, ससे बेसुमार वाढले आणि त्यांच्याबरोबर गोचिडी. १९४४ मध्ये कापणीला मदत करायला आलेले सुमारे दोनशे सोविएत सैनिक रक्तस्रावी तापाने पडले. क्रायमियात प्राणी वाढले होते, बाल्टिकात माणसांची पावलं. दोन्हीकडे कारण एकच असतं तर उपायही एकच पुरला असता. आपल्याकडे यातलं काय घडतंय, दोन्ही की एक, हे कळायला उंदीर किती, गोचिडी किती आणि वाडीत माणसं किती, हे तिन्ही आकडे वर्षानुवर्षं हाताशी लागतात. हंगामात वर्तमानपत्रांत मेलेल्या माकडांचा आकडा येतो. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरांचा आकडा मी आजवर एकदाही वाचलेला नाही.

यावर जाणकाराचा सगळ्यात बोचरा आक्षेप असा की तुमचा पुरावा तरी किती भक्कम? एखाद्या चिचुंद्रीत विषाणू सापडला म्हणजे चिचुंद्री त्याचं कोठार ठरत नाही. रक्तात प्रतिद्रव्यं सापडणं म्हणजे तिला कधीतरी लागण झाली होती, एवढंच. न जेवलेली निम्फ विषाणू पोटात धरून बराच काळ टिकू शकते, तेव्हा गेल्या वर्षीचाच विषाणू उंदराशिवाय पुढे आला नसेल कशावरून? पक्ष्यांवरही अळ्या असतात. हे सगळे मुद्दे बिनतोड आहेत, आणि मी ते मान्य करतो. मग याचं उत्तर पिंजरे लावून शोधायचं की भाषणं करून? जिथे माहिती तोकडी आहे तिथे आपण नेमकं बघायचंच बंद केलं आहे, आणि ‘माहिती तोकडी आहे’ हे न बघण्याचं कारण म्हणून सांगतो आहोत.

पिंजऱ्यांना पैसा कुठून आणायचा, हा खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण फुगवलेला आहे. महाग आहे ती विषाणूची तपासणी. ती साध्या प्रयोगशाळेत करायची नसते. या विषाणूने खुद्द प्रयोगशाळेतल्या माणसांनाही पूर्वी अनेकदा आडवं केलं आहे. आशाताईंच्या हाती पिंजरा देऊन मोकळं व्हावं असं तर मी मुळीच सुचवत नाही; त्यांच्या डोक्यावर आधीच सतरा कामं आहेत. ज्यांना हातमोजे घालून प्राणी हाताळायचं शिक्षण आहे, अशी माणसं पशुसंवर्धनात आहेत, वनखात्यात आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठात आहेत. दर तालुक्यात ठरलेल्या पाच-सहा जागा, सप्टेंबर ते डिसेंबर दर महिन्याला चार रात्री पिंजरे, पांढरं फडकं ओढून गोचिडींची मोजणी, आणि नमुन्यांच्या कुप्या पुण्याला. एका मेळाव्याच्या मांडवाला लागतो त्याहून फार पैसा यात जाईल असं मला वाटत नाही. विषाणू असलेल्या अळ्या किंवा निम्फ एखाद्या वाडीजवळ नोव्हेंबरात सापडल्या, तर तेल, बूट, गोठ्यातल्या गुरांची फवारणी आणि पातेऱ्याचे ढीग घरापासून लांब हलवणं हे सगळं जानेवारीच्या आत तिथेच करता येईल. आज ते माकड पडल्यावर सुरू होतं, तोवर निम्म्या वाडीने काजू वेचायला सुरुवात केलेली असते.

लशीची वाट बघू म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो. जुनी लस १९९० पासून कर्नाटकात दिली जात होती. २००५ ते २०१० च्या आकड्यांवरून तिचा परिणाम दोन डोसांनंतर साधारण ६२ टक्के आणि वाढीव डोसानंतर ८३ टक्के निघाला, आणि तोही टिकवायला पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागायचं. पुढे ती बंदच झाली. नवीचं काम चालू आहे आणि ती लवकर यावी. शंभर रुग्णांतले तीन ते पाच दगावतात अशा तापाला लस हवीच. पण लस माणसाला टोचायची असते. रानातली देवघेव तिने थांबत नाही. गोचिडींच्या तापात माणूस म्हणजे वाटेत चुकून आलेला पाहुणा. त्याच्याकडून विषाणू पुढे जात नाही, त्यामुळे सगळ्या गावाने लस घेतली तरी चिचुंद्रीला त्याचा पत्ता लागत नाही.

गेल्या ऑक्टोबरात आत्याच्या वाडीत दोन मुलं आली होती, जीवशास्त्राची. हातात काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं फडकं. पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, वर चिकटपट्टी. पातेऱ्यावरून फडकं ओढत दहा पावलं जायचं, थांबायचं, उलटं करून बघायचं, दिसेल ते चिमट्याने कुपीत. आत्या काठी टेकत त्यांच्या मागे मागे, घरात थांबायला तयारच नाही. एका खेपेला फडक्यावर मिरपुडीसारखे वीस-पंचवीस ठिपके एकदम आले आणि पांगायला लागले. आत्या वाकली, डोळे बारीक केले आणि विचारलं, “ही माकडाची काय उंदराची रे?”

“अजून कुणाचीच नाही, आजी,” तो मुलगा कुपीचं बूच उघडत म्हणाला, “हिच्या पोटात अजून काही गेलंच नाहीये.”